वहीच्या पानाएवढा रंग

गाड्यांना पॉलिश करून देणाऱ्या स्टुडिओतल्या मुलाने शटर अर्धं ओढलं, छताचे दिवे घालवले आणि हातातली बॅटरी बॉनेटवर तिरकी धरली. गडद निळ्या पत्र्यावर त्या एका उजेडाभोवती हजारो बारीक रेषा उमटल्या, कोळ्याने जाळं विणावं तशा. बॅटरी सरकली की जाळंही तिच्याबरोबर सरकायचं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं, पुन्हा डोळ्यांवर आणून पाहिलं आणि विचारलं, "हे कशाने झालं?"

"कापडाने, काका. कोरडं पुसल्यामुळे."

बाबा गप्प झाले. मलाही पुढे काही सुचेना. ते कापड कोणाचं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

२०१३ च्या दसऱ्याला ही गाडी आमच्याकडे आली. तेव्हापासून रोज सकाळी दूध घेऊन आले की बाबा डिकीतून पिवळं फडकं काढायचे. सिग्नलवर विकायला येतं ना, तेच. आधी बॉनेट, मग टप, मग एकेक दरवाजा. पुसताना डावा हात पाठीमागे असायचा, उजवा गोल गोल फिरायचा. सोसायटीत बऱ्याच जणांनी गाडी पुसायला माणूस लावला आहे. एकाच बादलीत फडकं बुडवून तो पंधरा गाड्या पुसतो. आपल्या गाडीला तो हात लावणार, ही कल्पनाच बाबांना सहन होत नव्हती. प्रवासाचे, आजारपणाचे दिवस वगळले तरी अकरा वर्षांत किमान साडेतीन हजार वेळा त्यांनी ही गाडी स्वतःच्या हाताने पुसली असेल. आणि बॅटरीच्या उजेडात दिसत होतं ते त्या साडेतीन हजार सकाळींचं होतं.

पुण्यातली धूळ मऊ नाही. काळ्या पाषाणाचा चुरा, बांधकामावरची क्रश सँड, सिमेंट, रस्त्याच्या खोदाईची माती असं सगळं रात्रभर गाडीवर बसतं. यातले बरेचसे कण गाडीच्या रंगापेक्षा कठीण असतात. त्यांच्यावरून कोरडं फडकं फिरलं की प्रत्येक कण आपली रेघ ओढत जातो. या रेघा खरं तर सगळ्या दिशांना असतात, पण उजेडाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून त्या सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल फेर धरल्यासारख्या दिसतात. ढगाळ दिवशी किंवा सावलीत गाडी नवीकोरी वाटते. बाबा सकाळी साडेसहाला पुसायचे तेव्हा आमच्या पार्किंगवर समोरच्या इमारतीची सावली असते. त्यांना ते कधी दिसणारच नव्हतं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो सगळा मिळून वहीच्या एका पानाएवढा जाड असतो. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटचा हात बसतो. मग अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर ज्यात रंग असतो तो बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सारं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. ऊन तो झेलतो, पाऊस तो झेलतो, कबुतरं, जांभळं, ओरखडे, सगळं त्याच्यावर. ऊन शोषणारी द्रव्यंही त्यातच मिसळलेली असतात. तो शाबूत आहे तोवर खालचा निळा निळा राहतो.

मुलाने खिशातून काडेपेटीपेक्षा जरा मोठं यंत्र काढलं आणि पत्र्याला टेकवलं. लोखंडी पत्रा किती खोल आहे हे ते चुंबकीय क्षेत्रावरून ओळखतं आणि रंगाची जाडी सांगतं. बंपर प्लास्टिकचे, तिथे ते मुकं. टप ११८. बॉनेट १०४. उजवीकडचे दोन्ही दरवाजे ११० च्या आगेमागे. तो आकडे वहीत उतरवत चालला होता. डावीकडच्या मागच्या दरवाजाशी थांबला, पुन्हा टेकवलं, जरा खाली टेकवलं. ३१०.

"ताई, हा दरवाजा नंतर रंगवलाय."

मी म्हटलं, नाही हो, या गाडीला कधी काहीच झालेलं नाही.

"झालंय," बाबा म्हणाले. "२०१९ मध्ये. पार्किंगच्या खांबाला घासली. तू बंगळुरूला होतीस."

डोळ्याच्या ऑपरेशनच्या आधीची गोष्ट. मोतीबिंदू पिकत आला होता आणि बाबा ऑपरेशन पुढे पुढे ढकलत होते, एवढं मला फोनवरून माहीत होतं. खांब दिसला नाही हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. सर्व्हिसिंगला देतो म्हणून गाडी घेऊन गेले, तीन दिवसांनी दरवाजा रंगवून घेऊन आले, आणि त्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख घेतली. रंग इतका बेमालूम जुळवला होता की पाच वर्षं मी त्याच दरवाजातून आत-बाहेर करत होते आणि मला पत्ता नव्हता. डोळ्याला न कळलेलं त्या यंत्राला एका क्षणात कळलं.

मुलाने बाबांकडे पाहिलं नाही, वहीत आकडा लिहिला. मग मला समजावत म्हणाला, की कारखान्यात रंग साधारण १४० अंशांवर भाजतात, पण तयार गाडी गॅरेजच्या भट्टीत घातली तर तिच्यात वायरी असतात, प्लास्टिक असतं, म्हणून ६० अंशांच्या आसपासच थांबावं लागतं. म्हणून तो रंग बरेचदा जरा मऊ राहतो. या दरवाजाला वेगळं पॅड लावावं लागेल, वेगळा हात लागेल. तो बोलत असताना बाबा दरवाजाच्या खालच्या कडेकडे बघत होते.

पॉलिश म्हणजे काय, याबद्दल माझी समजूत अगदी उलटी होती. मला वाटायचं, काहीतरी लावतात आणि ओरखडे भरून निघतात. तसं नसतं. पॉलिशमध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे अतिशय बारीक कण असतात. यंत्राखाली फिरताना ते क्लिअर कोटचा वरचा पापुद्रा खरवडून काढतात. ओरखडा खड्डा असेल, तर खड्डा बुजत नाही. सभोवतालची सगळी जमीन त्याच्या तळापर्यंत खाली आणली जाते. शेत सपाट करताना उंचवट्याची माती काढतात, तसं. फक्त इथे काढलेली माती परत कुठे टाकता येत नाही. एकदा बेताने पॉलिश केलं तरी दोन-तीन मायक्रॉन जातात, कंपाउंडचा, म्हणजे जास्त खरवडणाऱ्या पॉलिशचा, जोरदार हात मारला तर त्याहून जास्त. ४० मायक्रॉनच्या पुंजीतले. दर दिवाळीला गाडी 'चकाचक' करून घेणारे लोक मी पाहिले आहेत आणि आता मला त्यांना थांबवावंसं वाटतं. ती चमक मुद्दलातून येते.

बाबांच्या पिढीला हे माहीत असायचं कारण नव्हतं, कारण त्यांच्या लहानपणचे रंग वेगळे होते. त्यांच्या मामांकडे फियाट होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. तेव्हा क्लिअर कोट नव्हता. जो रंग दिसायचा तोच सगळ्यात वरचा थर. रबिंग केलं की फडक्यावर गाडीचा रंग यायचा. बाबा सांगतात, मामा ते फडकं दाखवून म्हणायचे, आता बास. क्लिअर कोटमध्ये ही सोयच नाही. तो बिनरंगी, झिजतो आहे हे फडकं सांगत नाही. फर्निचरवाले आजही ज्याला 'ड्युको' म्हणतात, तो शब्दसुद्धा मूळचा गाड्यांचाच. ड्यू पाँ कंपनीने काढलेला ड्युको हा लवकर वाळणारा रंग १९२४ च्या मॉडेलच्या ओकलंड गाड्यांवर लागला. त्याआधी गाडीवर हाताने व्हार्निशसारखे थर द्यायचे आणि ते वाळेपर्यंत आठवडे जायचे. शंभर वर्षांनी गाड्या तो रंग विसरल्या, पण आमच्या कपाटाचा सुतार 'ड्युको करू का' असंच विचारतो.

या स्टुडिओआधी मी एकदा फसले आहे, ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी एका ठिकाणी 'मशीन पॉलिश' करून घेतलं होतं. दोन तासांत गाडी हातात. संध्याकाळी पाहिली तर आरसा. तिसऱ्या धुण्यानंतर मात्र सगळे ओरखडे परत आले आणि त्यांच्याबरोबर एक नवीन गोष्ट आली. ऊन तिरकं पडलं की बॉनेटवर तेलकट लाटांसारखे पट्टे दिसायला लागले. या मुलाने ते पाहताक्षणी ओळखले. गोल फिरणारं जड मशीन, त्यावर लोकरीचं पॅड, आणि घाईचा हात. त्यांनी ओरखडे काढले नव्हते, तेला-मेणाने नुसते भरून दिले होते, मशीनने पाडलेले पट्टेही त्याच तेलाखाली झाकले होते. शाम्पूने तेल गेलं की झालं. कोणी पॉलिश करून दिलं तर गाडी ताब्यात घेण्याआधी एका तुकड्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचं पाणी मारून पुसायला सांगा. तेल निघून जातं आणि काम जसं असेल तसं समोर येतं. हा मुलगा प्रत्येक तुकड्यानंतर आपण होऊन ते करत होता.

काम तीन दिवस चाललं. पहिल्या दिवशी मी रजा टाकून तिथेच बसले होते, बाबाही. धुणं, फेस, पुन्हा धुणं. मग त्याने एक पाणीदार द्रव मारलं आणि पाच मिनिटांत गाडीच्या मागच्या भागावरून जांभळे ओघळ यायला लागले. बाबा खुर्चीतून उठले. रंग जातोय असंच त्यांना वाटलं. ते लोखंड होतं. ब्रेकच्या चकत्यांमधून, रेल्वेच्या रुळांवरून उडालेले बारीक तप्त कण क्लिअर कोटमध्ये रुतून बसतात आणि तिथेच गंजतात. ते द्रव लोखंडाशी भिडलं की जांभळं होतं आणि कण सुटतात. बाबा निवृत्त होईपर्यंत गाडी पुणे स्टेशनजवळ लावायचे, दिवसभर. मला ते ओघळ बघून बरं वाटलं, का ते नीट सांगता येत नाही. त्यांची नोकरी गाडीच्या अंगातून निघत होती.

नंतर क्ले. चिकणमातीसारखा गोळा, भरपूर साबणपाणी, आणि हाताखाली पत्रा खरखरीतचा गुळगुळीत होत जाताना चक्क आवाज बदलतो. मुलाने बाबांच्या हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घातली आणि म्हणाला, "काका, आता असं हात फिरवून बघा, आधी इथे, मग तिथे." पिशवीतून बोटांना खरखर जास्त कळते. बाबांनी दोन्हीकडे फिरवून पाहिलं. "पीठ आणि रवा," ते म्हणाले.

पॉलिशची सुरुवात त्याने मोठ्या मशीनने केली नाही, हे मला सगळ्यात आवडलं. दोन फूट बाय दोन फूट जागा घेतली, सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात सौम्य पॉलिश, डुलत फिरणारं मशीन. पुसलं, बॅटरी धरली. पुरेसं नव्हतं. मग एक पायरी कडक. पुन्हा बॅटरी. तिथे जमलं, आणि तेच संपूर्ण गाडीला. दरवाजांच्या धारा आणि बॉनेटवरच्या उठावदार रेषांवर आधी चिकटपट्टी लावली, कारण धारेवर रंग पातळ बसलेला असतो आणि पॅड नेमकं तिथेच जास्त चावतं. काम करताना तो सारखा पत्र्याला तळहाताची मागची बाजू लावून ऊब बघत होता, आई तापाला बघते तसा.

बॉनेटच्या पुढच्या भागात, लोगोच्या वर, एक ओरखडा मात्र जाईना. हातभर लांब, धनुष्यासारखा वाकलेला.

"इथे काही बांधत होता का?"

बाबा म्हणाले, "दसऱ्याचा हार."

झेंडूचा हार आमच्याकडे तारेवर ओवलेला येतो. पूजा झाली की तसाच हार घालून गाडी चतुःशृंगीला न्यायची, हा रिवाज. वाऱ्याने हार बॉनेटवर डावी-उजवीकडे घासत राहिला असणार, दर वर्षी, त्याच जागी. मुलाने नख आडवं फिरवलं, नख अडकलं. नख अडकलं म्हणजे ओरखडा क्लिअर कोटच्या बऱ्याच खोलवर गेलाय. "काढू शकतो," तो म्हणाला, "पण मग तिथे फार काही उरणार नाही. तीन-चार वर्षांत तिथला थर उन्हाने सोलवटेल. मी तुमच्या जागी असतो तर कडा मऊ करून सोडून दिला असता." पैसे घेऊन काढणारा माणूस मिळणं सोपं आहे. हा 'ठेवा' म्हणणारा होता. आम्ही ठेवला.

तिसऱ्या दिवशी सिरॅमिक कोटिंग. नावामुळे लोकांना चिनी मातीचं भांडं आठवतं, पण बाटलीत असतं ते पातळ द्रव. सिलिका घडवणारी रेझिन्स आणि उडून जाणारं द्रावण. छोट्या ठोकळ्याला मखमली कापड गुंडाळायचं, त्यावर काही थेंब, उभा-आडवा हात. द्रावण उडायला लागलं की पत्र्यावर तेलाच्या तवंगासारखं इंद्रधनुष्य दिसतं आणि ते दिसलं की लगेच पुसायचं. उशीर झाला तर तिथला डाग घट्ट बसतो आणि पुन्हा पॉलिश केल्याशिवाय जात नाही. राहिलेला थर हवेतल्या ओलाव्याशी जुळून घट्ट होतो. जाडी एक मायक्रॉनच्या आसपास. पहिले २४ तास पाण्याचा थेंब नाही, आठवडाभर धुणं नाही.

ते बघताना मला आजोळचा कल्हईवाला आठवला. साताऱ्याला वाड्याच्या दारात तो भाता लावून बसायचा. पातेलं आधी राखेने, वाळूने घासून लख्ख करायचा, मग तापवून नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, आणि कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात पुसून घ्यायचा. क्षणभर उशीर झाला तर कल्हई गोळा व्हायची. तिथेही खरी मेहनत आधीच्या घासण्यात होती, आणि नंतर चढायचा तो नखभरही नाही असा पापुद्रा. पण तो नसेल तर ताक कळकायचं. आजी दर वर्षी कल्हई करून घ्यायची. एकदा केली की जन्माची, असं कल्हईवालाही कधी म्हणाला नाही.

आता दुकानांच्या पाट्यांवर '९एच' आणि हिऱ्याचं चित्र असतं, त्याचा मला राग येतो. ९एच हा हिऱ्याच्या कठीणपणाच्या मापातला आकडा नाही. तो पेन्सिलीचा आहे. ठरावीक वजनाखाली ४५ अंशांत पेन्सिल ढकलायची आणि कोणत्या पेन्सिलीने थरावर ओरखडा उठतो ते बघायचं. ९एच म्हणजे त्या चाचणीतल्या सगळ्यात कडक पेन्सिलीलाही थर पुरून उरला, एवढंच. रस्त्यावरची वाळू पेन्सिलीपेक्षा कितीतरी कठीण असते. कोटिंग असलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवलं तर ओरखडे पडणारच. एक्सप्रेसवेवर ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडाही ते अडवत नाही. त्यासाठी पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, लागते, १५० ते २०० मायक्रॉनची जाड फिल्म, आणि तिचा खर्च वेगळाच. कोटिंग घाण चिकटू देत नाही, रसायनांना थोडा वेळ थोपवतं, ऊन थोडं झेलतं आणि धुणं सोपं करतं. मला एवढं पुष्कळ वाटतं.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला तेव्हा बाबांनी मला खाली बोलावलं. टपावर, बॉनेटवर पाणी गोळ्यागोळ्यांनी उभं होतं. गाडी हलवली की गोळे एकमेकांत मिसळून घरंगळत जायचे. "अळवावरचं पाणी," बाबा म्हणाले. खरं तर अळू याहून पुष्कळ पुढे आहे. त्याच्या पानावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचे कण, म्हणून तिथला थेंब जवळजवळ पूर्ण गोल राहतो. गाडीवरचा थोडा बसका असतो. पण आपल्याकडे अळवावरचं पाणी म्हणजे न टिकणारं, आणि इथे त्याने टिकू नये म्हणूनच सगळा खटाटोप होता.

एक धोका मात्र त्या गोळ्यांमध्येच होता. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचं पाणी येतं, क्षारांनी भरलेलं. तो थेंब उन्हात वाळला की मागे पांढरी कडी राहते, आणि कोटिंगवर पाणी थेंबांनी उभं राहत असल्याने अशा कड्या जास्तच ठळक उठतात. म्हणून पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही. गेटजवळच्या पर्जन्यवृक्षाखाली लावायची नाही, त्यावरच्या किडीचा चिकट रस टपकतो. पक्ष्याची विष्ठा दिसली की ओलं कापड ठेवून आधी मऊ करायची आणि अलगद उचलायची. उन्हाने रंग सैलावतो, रात्री आवळतो, आणि मधल्या वेळात विष्ठेखाली त्याचा ठसा कायमचा बसतो.

हे सगळं मी बाबांना कसं सांगणार होते? जो माणूस अकरा वर्षं न चुकता पुसतो त्याला पुसू नका म्हणायचं. मी आठवडाभर शब्द जुळवत होते. त्यांनीच एक दिवस मला दोन बादल्या दाखवल्या, एक हिरवी, एक निळी. हिरवीत शाम्पू, निळीत साधं पाणी, आणि प्रत्येक हातानंतर हातमोजा निळीत पिळून मगच हिरवीत. मुलाने सांगितलेलं त्यांनी कधी पाठ केलं, मला कळलंच नाही. आता ते गाडी आठवड्यातून एकदा धुतात, वरून खाली, आणि मोठं मायक्रोफायबर नुसतं पसरून दाबून घेतात. रोज सकाळी दूध घेऊन आले की तरीही गाडीपाशी थांबतात, आताशा दोन्ही हात पाठीमागे असतात. पिवळं फडकं डिकीतच आहे. आता ते टायर पुसायला.

दसऱ्याला त्यांनी फुलवाल्याला तारेऐवजी सुती दोऱ्यात हार ओवायला सांगितला होता. तो बॉनेटवर न सोडता खाली जाळीला बांधला. स्वस्तिक काचेवर काढलं, ओल्या कुंकवाने, कोपऱ्यात. नारळ फोडला. मग मला म्हणाले, "तो ओरखडा कुठे राहिला गं?"

दिवसाउजेडी मला सापडेना. बाबांनी मोबाइलची बॅटरी लावली, त्या मुलासारखी तिरकी धरली आणि बॉनेटवर हळूहळू सरकवत नेली. लोगोच्या वर बारीक कमान चमकली.

"हा बघ," ते म्हणाले, आणि बोटाने ती वरच्यावर, हवेतच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाखवली.